स्टँडर्ड नावाची कंपनी गेली कुठे? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या पडवीत उभ्या असलेल्या स्टँडर्ड हेराल्डचा फोटो छापला होता, आणि खाली दोनच ओळी, की ही गाडी जिने बनवली ती कंपनी आता जगात नाही. एवढ्यावर जी पत्रं आली ती वाचून खरंच बरं वाटलं, कारण मला वाटत होतं अँबेसिडर आणि फियाटपुढे ही गाडी लोक पार विसरले असतील. तर या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला, पूर्ण सदर स्टँडर्डला.

प्रश्न : आमच्या घरात वाद आहे. वडील म्हणतात स्टँडर्ड ही मद्रासची कंपनी, काका म्हणतात इंग्लंडची. खरं काय? आणि "स्टँडर्ड" हे काय गाडीचं नाव झालं का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : दोघंही बरोबर आहेत, पण काका आधी. मूळ कंपनी इंग्लंडच्या कॉव्हेंट्री गावातली, १९०३ सालची, स्थापन करणारा रेजिनाल्ड मॉड्सले. हा माणूस आधी सिव्हिल इंजिनियर, लंडनचा तो उघडणारा टॉवर ब्रिज ज्यांनी बांधला त्या सर जॉन वुल्फ बॅरी यांच्या हाताखाली काम करायचा, आणि त्यांनीच याला धंदा सुरू करायला ३,००० पौंड दिले.

आता नावाचं. आज "स्टँडर्ड मॉडेल" म्हटलं की आपल्या डोक्यात येतं सगळ्यात स्वस्त, एसी नाही, पॉवर विंडो नाही असलं काहीतरी, पण १९०३ मध्ये तसं नव्हतं. त्या काळी गाडी म्हणजे प्रत्येक कारागिराने आपापल्या पद्धतीने घडवलेली वस्तू, एका गाडीचा नट दुसऱ्या गाडीला बसेल याची खात्री नाही. मॉड्सलेचं म्हणणं होतं की मी प्रयोग करत बसणार नाही, जे भाग वापरून सिद्ध झालेत, प्रमाण ठरलेत तेच घेणार, आणि म्हणून माझ्या गाडीचं नाव स्टँडर्ड. म्हणजे तो शब्द अभिमानाने लावलेला होता. आणि मला यातली फार आवडणारी गोष्ट म्हणजे याचे पणजोबा हेन्री मॉड्सले, ज्यांच्या लेथने सगळे स्क्रू एकाच मापाच्या आट्यांचे निघायला लागले. सातपूर-अंबडला लेथवर उभं राहून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना हे नाव माहीत असायला हवं, कारण आज आपण दुकानात जाऊन अमुक मापाचा बोल्ट द्या म्हणतो आणि तो बसतो, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. पणजोबाने स्क्रू एका मापात आणला, पणतूने गाडीला तेच नाव दिलं.

सहा सिलिंडरची गाडी बाजारात आणणाऱ्या पहिल्या काही इंग्लिश कंपन्यांपैकी ही एक. आणि भारताशी संबंध म्हणाल तर मद्रासच्या कितीतरी आधीचा, १९११ च्या दिल्ली दरबाराला पंचम जॉर्ज आणि त्यांच्या लवाजम्यासाठी ज्या मोटारी आल्या त्यात ७० स्टँडर्ड होत्या. ते काम मिळवून आणलं चार्ल्स फ्रिसवेल नावाच्या त्यांच्या विक्रेत्याने, मॉड्सले स्वतः विकण्यात एवढा तरबेज नव्हता.

पहिल्या महायुद्धात या कंपनीने कॉव्हेंट्रीतल्याच कॅनलीच्या कारखान्यात हजारावर विमानं बनवली, दुसऱ्यात मॉस्किटो नावाची लाकडी लढाऊ विमानं, तीही हजारावर. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात काम केलेले वाचक बरेच आहेत म्हणून सांगतो. मॉड्सले १९३४ मध्ये गेले, पुढे कंपनी चालवली जॉन ब्लॅक यांनी, आणि त्यांच्याविषयी खाली येईलच.

मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही १९४८ ची. आधी व्हॅनगार्ड, मग एट, टेन, पेनंट अशा गाड्या जोडल्या, आणि १९६१ पासून हेराल्ड. त्या वेळी सरकारचं धोरण स्पष्ट होतं, नुसती बाहेरून पेट्यांत आलेली गाडी जोडायची असेल तर गाशा गुंडाळा, भाग इथे बनवायचे असतील तरच थांबा, आणि म्हणून मुंबईतून जनरल मोटर्स १९५४ ला गेली, फोर्डही गेली. थांबले ते तीन, अँबेसिडरवाले, फियाटवाले आणि आपले स्टँडर्डवाले. वडिलांना सांगा, तुमचंही चुकलं नाही.

प्रश्न : आमचा द्राक्षबाग आहे. आजोबांनी घेतलेला फर्ग्युसन ट्रॅक्टर शेडमध्ये पडून आहे, करड्या रंगाचा, छोटा. मुलाने धूळ पुसली तर पट्टीवर स्टँडर्ड मोटर कंपनी, कॉव्हेंट्री असं दिसलं. ट्रॅक्टर फर्ग्युसनचा आणि नाव मोटारकंपनीचं, हे कसं? इंजिन परत चालू होईल का? – एक शेतकरी, ता. निफाड

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या शेडमध्ये जे उभं आहे ते विकू नका, निदान हे उत्तर वाचेपर्यंत तरी नको.

हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडचा माणूस. ट्रॅक्टरच्या मागे नांगर नुसता दोरी-साखळीने ओढायचा नाही, तीन ठिकाणी जोडायचा आणि हायड्रोलिकने उचलायचा, म्हणजे नांगराचा भार ट्रॅक्टरच्याच मागच्या चाकांवर येतो आणि हलका ट्रॅक्टरही जड काम करतो, ही त्याची कल्पना. आज तुमचा रोटाव्हेटर, ब्लोअर, जे काही मागे लावता ते ज्या तीन पॉइंटवर लागतं ते त्याचं. पण त्याच्याकडे मोठा कारखाना नव्हता. अमेरिकेत हेन्री फोर्डबरोबर त्याने नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, कागद नाही, आणि फोर्डच्या नातवाच्या काळात तो मोडला.

त्याच सुमाराला कॉव्हेंट्रीत जॉन ब्लॅक यांच्यासमोर वेगळाच प्रश्न होता. युद्धाच्या काळात सरकारने बॅनर लेन भागात विमानाची इंजिनं बनवायला प्रचंड कारखाना उभा केला होता, तो स्टँडर्ड चालवायची, युद्ध संपलं आणि तो रिकामा. एकाला कारखाना हवा, दुसऱ्याला काम हवं, दोघांचं जमलं. १९४६ पासून १९५६ पर्यंत तिथे टीई-२० हा ट्रॅक्टर बनला, पाच लाखांच्या वर. म्हणजे डिझाइन आणि विक्री फर्ग्युसनची, बनवणारे हात स्टँडर्डचे, म्हणून तुमच्या पट्टीवर ते नाव. सुरुवातीचे ट्रॅक्टर अमेरिकन काँटिनेंटल इंजिनाचे होते कारण स्टँडर्डचं इंजिन तयार व्हायचं होतं, ते पुढे आलं. एव्हरेस्टवाले हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच ट्रॅक्टरवर बसून, चाकांवर पट्टे चढवले होते एवढाच फरक.

आता इंजिनाचं, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या कारण हे इंजिन म्हणजे या कंपनीने केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे. यात सिलिंडर ब्लॉकमध्ये कोरलेले नाहीत, वेगळ्या नळ्या म्हणजे लायनर आहेत आणि त्यांच्याभोवती थेट पाणी फिरतं. लायनर झिजले की ओढून काढा, नवे बसवा, ब्लॉक बोअरिंगला पाठवायची गरज नाही. आणि याचा दुसरा फायदा असा की ब्लॉक तोच ठेवून लायनर बदलला की इंजिन लहानमोठं करता येतं. पिस्टनची चाल कायम ९२ मिलिमीटर. ८० चा लायनर घातला की १,८५० सीसी, तो सुरुवातीच्या ट्रॅक्टरला. ८५ चा घातला की २,०८८, तो व्हॅनगार्ड मोटारीला आणि नंतरच्या ट्रॅक्टरला. ८३ चा घातला की १,९९१, म्हणजे दोन लिटरच्या जरा आत, आणि ते गेलं स्टँडर्डच्याच ताब्यातल्या ट्रायम्फच्या टीआर-२ या स्पोर्ट्स कारमध्ये, कारण शर्यतीत दोन लिटरखालचा वर्ग असतो. १९५३ मध्ये बेल्जियमच्या सरळ हायवेवर खास तयार केलेली टीआर-२ ताशी जवळजवळ २०० किलोमीटरने पळाली. मूळ घराणं तेच, जे तुमच्या आजोबांनी बागेच्या ओळींतून चालवलं.

चालू होईल का? बहुतेक होईल, पण सेल्फ मारू नका आणि ढकलूनही बघू नका. आधी स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा, दोन-तीन दिवस राहू द्या, मग हँडलने हाताने फिरवून बघा. फिरलं तर खालचं ऑइल काढा आणि नीट बघा, चहासारखं दुधाळ असेल तर पाणी उतरलंय, आणि या इंजिनात पहिला संशय लायनरच्या तळाच्या पॅकिंगवर घ्यायचा. ते दोन लायनरला मिळून एक असतं, इंग्रजी आठाच्या आकाराचं. अजून एक, हेड उघडल्यावर लायनर ब्लॉकच्या वर किंचित उठलेले असतात, ते तसेच पाहिजेत. इथल्या एका वर्कशॉपमध्ये माझ्या ओळखीच्या एकाचं असंच इंजिन गेलं होतं आणि तिथल्या पोराने "लेव्हल नाही" म्हणून ते घासून सपाट केले, मग हेड गॅस्केट महिनाभरही टिकेना. फिटरला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : हल्ली चाकणला बजाज ट्रायम्फच्या बाइक बनवते. हेराल्ड पण इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड होती असं वाचलं. कंपनी एकच का? – एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : मूळ एक, पण फाटे फार आधी फुटले. ट्रायम्फ सुरू केली जर्मनीतून कॉव्हेंट्रीला आलेल्या सिगफ्रीड बेटमन यांनी, आधी सायकली, मग मोटरसायकली, १९२३ पासून मोटारी. हेच बेटमन १९१३ मध्ये कॉव्हेंट्रीचे महापौरही झाले होते. १९३६ मध्ये मोटरसायकलचा धंदा वेगळा विकला गेला, तुझ्या बाइकचा वंश तो. मोटारीचा भाग १९३९ मध्ये बुडाला आणि युद्ध संपता संपता स्टँडर्डने तो घेतला. ट्रायम्फ हे मोटारीचं नाव आज बीएमडब्ल्यूकडे आहे, त्यांनी १९९४ मध्ये रोव्हर घेतली त्याबरोबर ते आलं.

आणि जाता जाता, जग्वारचंही बीज याच घरात आहे. विल्यम लायन्स यांची १९३१ ची एसएस-१ ही गाडी, जिच्यातून पुढे जग्वार झाली, तिची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि इंजिन स्टँडर्डने बनवलेलं होतं. ती जग्वार २००८ पासून टाटांची. म्हणजे स्टँडर्डचा धागा पुन्हा आपल्याकडे येतोच.

प्रश्न : वडिलांची हेराल्ड आहे, त्यांच्या पश्चात मी ठेवलीय. दोन गोष्टी. एक, हिचं बॉनेट असं पूर्ण समोरून का उघडतं? दोन, गॅरेजवाले म्हणतात पुढचं चाक कधीही "बसेल", म्हणजे काय? भीती वाटते चालवायला. – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ताई, आधी दुसरा प्रश्न, कारण तो जिवाशी आहे, आणि गॅरेजवाल्याने तुम्हाला घाबरवायला सांगितलेलं नाही.

पुढचं चाक ज्या उभ्या लोखंडी तुकड्यावर वळतं त्याचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते एका पितळी भागात स्क्रूसारखं फिरतं, त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की अक्षरशः त्या आट्या फिरतात. यात घालायचं असतं घट्ट गिअर ऑइल, ९० नंबरचं. ग्रीस नाही. कंपनीच्या पुस्तकात ऑइलच लिहिलंय, पण सगळ्या गाड्यांना ग्रीस मारतात म्हणून इथेही ग्रीस गनच लावली जाते, आणि ग्रीस आट्यांच्या आत पोचत नाही, वाळतं, खाली पाणी साचतं, लोखंड गंजतं आणि एक दिवस गाडी वळताना तो तुकडा तुटतो. चाक आडवं होतं, गाडी त्या कोपऱ्यावर बसते. बहुतेक वेळा हे हळू वेगात, जागेवर स्टिअरिंग वळवताना होतं, पण "बहुतेक वेळा" या शब्दांच्या भरवशावर कोणी घाट उतरू नये. तर दोन्ही बाजू उघडा, आट्या नीट तपासा, जराही गंजाचे खड्डे दिसले तर तो उभा तुकडा आणि ट्रनियन दोन्ही बदला, आणि पुढे दर पावसाळ्याच्या आधी नि नंतर ऑइल. हे होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

आता बॉनेट. यामागे पूर्ण एक गोष्ट आहे आणि ती गोष्टच या कंपनीची जन्मपत्रिका आहे म्हणा.

पन्नाशीच्या दशकात सगळ्या कंपन्या चॅसी काढून टाकून एकसंध बॉडी करायला लागल्या होत्या. स्टँडर्डची बॉडी स्टँडर्ड स्वतः करत नव्हती, फिशर अँड लडलो नावाची पत्रा दाबणारी कंपनी करायची. १९५३ मध्ये ऑस्टिन-मॉरिसवाल्या बीएमसीने ती फिशर अँड लडलोच विकत घेतली, आणि मग हळूहळू सांगितलं की पुढच्या नव्या गाडीची बॉडी आम्ही देणार नाही. विचार करा, तुमची द्राक्षं तयार आहेत आणि गावातलं एकमेव कोल्ड स्टोरेज शेजाऱ्याने घेतलं. आता एकसंध बॉडी दाबून देणारं मोठं कोणी हाताशी नाही. तेव्हा मुख्य इंजिनियर हॅरी वेब्स्टर आणि मंडळींनी ठरवलं की मग जुन्यासारखी वेगळी चॅसीच ठेवू, आणि बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांत दाबून घेऊ आणि बोल्टने जोडू. डिझाइन केलं इटलीत तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलॉत्ती यांनी. पुढचे दोन्ही मडगार्ड आणि बॉनेट मिळून एक तुकडा झाला, तो पुढच्या बिजागरीवर उलटतो, ते तुमचं बॉनेट. छतसुद्धा बोल्टवर आहे, त्यामुळे त्याच गाडीची उघडी आवृत्ती करायला फार काही लागलं नाही. १९५९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती लोकांसमोर आली.

आणि जे अडचणीतून झालं तेच हिचं वैशिष्ट्य ठरलं. बॉनेट उलटलं की तुम्ही पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करू शकता. आमच्या वाड्यात एका डॉक्टरांकडे हेराल्ड होती, रविवारी सकाळी ते टायरवर बसून प्लग साफ करायचे आणि आम्ही पोरं पाना, फडकं, पाण्याचा तांब्या पुढे करायचो, मला गाड्यांचं वेड लागलं ते तिथे. वळण्याचा घेर फक्त २५ फूट, म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास, दहीपुलाच्या गल्लीत ते डॉक्टर व्हिजिटला जायचे आणि एका दमात वळून बाहेर यायचे, तिथे अँबेसिडरला दोन-तीनदा मागेपुढे करायला लागायचं. मद्रासलाही ही बोल्टवाली पद्धत सोयीची पडली असणार असं मला वाटतं, कारण एकसंध बॉडीसाठी लागणारे अवाढव्य प्रेस तेव्हा इथे आणायचे कुठून.

कमतरताही सांगतो. मागची दोन्ही चाकं स्वतंत्र, एका आडव्या पाट्यावर टांगलेली, वजन कमी-जास्त झालं की चाकांचा कलच बदलतो. रिकाम्या गाडीने वेगात वळण घेतलं आणि मध्येच पाय उचलला तर गाडीची मागची बाजू वर उचलली जाऊन वळणाच्या बाहेरचं चाक खालून आत दुमडतं आणि मागची बाजू सुटते. मागे चौघं आणि टपावर ट्रंका घेऊन कसारा चढवला की उलटा प्रकार, चाकं वरून आत झुकलेली, टायर एका बाजूने खाऊन टाकणार. वडिलांनी तुम्हाला वळणावर अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडू नको असं सांगितलं असेल तर ते याच्यासाठी.

प्रश्न : एवढी चांगली कंपनी बंद का पडली? यात चूक कोणाची? – निवृत्त कामगार, सातपूर

उत्तर : माझं उत्तर एका वाक्यात असं, की तिने इंजिन आपलं ठेवलं पण बॉडी दुसऱ्याच्या हातात ठेवली.

बाकी कारणं आहेतच. युद्धानंतर जॉन ब्लॅक यांनी व्हॅनगार्ड या एकाच मॉडेलवर सगळा भर दिला, आणि ट्रॅक्टर चालू होता तोपर्यंत पैसा येत होता. १९५४ च्या सुरुवातीला ब्लॅक पायउतार झाले आणि त्यांच्या जागी अ‍ॅलिक डिक आले. फिशर अँड लडलो हातची गेल्यावर डिक यांनी बॉडी बनवणाऱ्या कंपन्या एकेक करून विकत घ्यायला सुरुवात केली, बर्मिंगहॅमची मलिनर्स, लिव्हरपूलची हॉल इंजिनियरिंग, आणि त्यासाठी पैसा लागला तो आला १९५९ मध्ये ट्रॅक्टरचा बॅनर लेन कारखाना मॅसी फर्ग्युसनला विकून. म्हणजे दुभती म्हैस विकून गोठा बांधला. त्यात हेराल्डच्या सुरुवातीच्या गाड्यांचे सांधे नीट बसायचे नाहीत, पाणी गळायचं, कारण तुकडे ठिकठिकाणाहून यायचे. १९६० ला इंग्लंडमध्ये गाड्यांचा बाजार पडला आणि कंपनीकडे तग धरायला काहीच उरलं नव्हतं. १९६१ मध्ये ट्रक-बस बनवणाऱ्या लेलँडने तिला घेतलं. हो, तीच लेलँड, जिचं नाव आपण एसटीच्या तोंडावर अशोकच्या शेजारी वाचत मोठे झालो.

मला डिक यांना दोष द्यावासा वाटत नाही. १९५३ मध्ये दार बंद झालं तेव्हा ते मुख्य खुर्चीवर नव्हते. दोष त्याआधीच्या भरभराटीच्या वर्षांचा आहे, जेव्हा व्हॅनगार्ड आणि ट्रॅक्टर दोन्ही चालत होते आणि तेव्हाच स्वतःचं प्रेस शॉप उभं करता आलं असतं. सातपूरला तुम्ही पाहिलंच असेल, एका मोठ्या गिऱ्हाइकावर किंवा एका सप्लायरवर चालणारं युनिट चांगल्या दिवसांत कधी दुसरा पर्याय शोधत नाही.

आणि यातला मनाला लागणारा भाग हा, की १९६८ मध्ये लेलँड आणि बीएमसीवाले एकत्र येऊन ब्रिटिश लेलँड झाली, म्हणजे फिशर अँड लडलो आणि स्टँडर्ड शेवटी एकाच छपराखाली आले. पंधरा वर्षं उशिरा.

नाव त्याआधीच गेलं होतं. लेलँडच्या लोकांना दिसलं की ट्रायम्फ नाव खपतं, स्टँडर्ड खपत नाही, कारण तोपर्यंत सगळ्याच कंपन्या आपल्या साध्या मॉडेलला "स्टँडर्ड" आणि भारीला "डीलक्स" म्हणायला लागल्या होत्या. मॉड्सलेने ज्या शब्दात विश्वास पाहिला त्यात गिऱ्हाइकाला काटकसर दिसायला लागली. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये स्टँडर्ड नावाच्या गाड्या थांबल्या. कॅनलीला गाड्या जोडणं १९८० ला बंद झालं, आणि ट्रायम्फ नावाची शेवटची गाडी, जी मुळात होंडा होती, १९८४ ला गेली.

प्रश्न : गॅझेल आणि स्टँडर्ड २००० याबद्दल कोणी काही लिहीत नाही. आमच्या चुलत्यांकडे १९७४ ची गॅझेल आहे. – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : कारण दोन्ही थोड्याच बनल्या. पण इंग्लंडमध्ये नाव मेल्यावर ते मद्रासला २५ वर्षं जगलं ते या गाड्यांमुळे.

तिकडे हेराल्डचं इंजिन वाढत गेलं, ११४७ झालं, मग १२९६. इथे शेवटपर्यंत ९४८ सीसीच राहिलं. पण मद्रासवाल्यांनी दुसरं काम केलं जे इंग्लंडने कधीच केलं नाही, हेराल्डला चार दारं दिली, कारण आपल्याकडे गाडी म्हणजे आजी-आजोबांसकट सगळं घर, पुढची सीट वाकवून मागे शिरणार कोण. मग १९७२ मध्ये आली गॅझेल, तिच्यात बॉनेट नेहमीसारखं वर उघडणारं आणि मागे ती वाकणारी चाकं काढून सरळ, मजबूत एक्सल. त्या एक्सलचं इथल्या मिस्त्रींनी स्वागत केलं, त्यांना जुनं मागचं काम कधीच आवडलं नव्हतं. १९७७ पर्यंत ती चालली आणि मग मोटारी थांबल्या, फक्त स्टँडर्ड २० नावाच्या व्हॅन राहिल्या.

१९८५ ला शेवटचा प्रयत्न, स्टँडर्ड २०००. बॉडी रोव्हर एसडी-१ ची, जी १९७७ मध्ये युरोपात कार ऑफ द इयर ठरली होती, दिसायला आजही देखणी. आपल्या रस्त्यांसाठी ती उंच केली. आणि इंजिन? १,९९१ सीसी. वर निफाडच्या भाऊंना सांगितलं तो ८३ चा लायनर आठवतोय ना, तेच घराणं, चाळीस वर्षांपूर्वीचं. ट्रॅक्टरला जे इंजिन शोभतं ते एवढ्या जड आणि महाग गाडीला १९८५ मध्ये पुरे पडणं शक्य नव्हतं, त्यात दोन वर्षांपूर्वी मारुती ८०० आलेली, लोकांना एका लिटरमध्ये किती जाते हे विचारायची सवय लागलेली. १९८८ ला ती बंद झाली आणि जगातलं स्टँडर्ड हे मोटारीचं नाव तिच्याबरोबर संपलं, कॉव्हेंट्रीत नाही, मद्रासजवळ.

चुलत्यांच्या गाडीचं म्हणाल तर ती जपा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात असलेल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत, नंबरात "व्हीए" ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरणाला ५,०००. पण मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. मूळ रूपात हा शब्द महत्त्वाचा आहे, म्हणून कोणी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो म्हणाला तर नाही म्हणा. आरसी शोधून ठेवा, आणि रंगकामाला देण्याआधी चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि मद्रासची ती छोटी पट्टी यांचे फोटो काढून घ्या, कारण रंगारी घाईत पट्टीवरूनच हात फिरवतात आणि मग आतली अक्षरं परत कधी वाचता येत नाहीत.